नवी गाडी: पासिंगआधी बॅटरी, लाइट आणि वायरिंग कसं तपासायचं?

रंकाळवेसकर
दसऱ्याला पेट्रोल हॅचबॅक घ्यायचं ठरलंय, सोबत घरात एक स्कूटरही येतीय. गाडी सध्या डीलरच्या स्टॉकयार्डात आहे, चॅसी नंबर मिळालाय, पासिंग व्हायचंय. रंग, ओरखडे, टायर, दारांच्या फटी यावर भरपूर लिहून झालंय, ते नको. फक्त इलेक्ट्रिकलचं सांगा. शोरूमवाले म्हणतात "पीडीआय (डिलिव्हरीआधीची तपासणी) आम्ही करतोच की". तरी ग्राहकानं काही न खोलता तासाभरात काय काय बघावं? साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा) हाताशी आहे.

उद्यमनगर_वायरमन
नव्या गाडीत पार्टच खराब निघतो, हे आधी डोक्यातून काढा. पार्ट बहुतेक वेळा चांगला असतो, जोड कच्चा असतो. कपलर, म्हणजे वायरी जोडायचा खटक्याचा प्लग, अर्धाच बसलेला, लॉकचा 'टक्' आवाज झालेला नाही. पिन कपलरमध्ये मागं सरकलेली. अर्थचा, म्हणजे निगेटिव्ह वायर बॉडीला जोडणारा, बोल्ट रंगावरच आवळलेला. नाहीतर यार्डात काढून ठेवलेला फ्यूज परत लावायचा राहिलेला. या चारातच बहुतेक तक्रारी येतात. म्हणून "लाइट लागली, झालं" एवढ्यावर थांबू नका. लोड टाकून आणि हलवून बघायचं.

सुरुवात बॅटरीपासून, आणि तीही कुणी सेल मारायच्या आत. यार्डवाल्याला आदल्या दिवशीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नको म्हणून. इंजिन चालू होऊन बंद झालं की तासभर तरी बॅटरी खोटा आकडा दाखवते. रात्रभर उभ्या गाडीवर मीटर १२.६ व्होल्टच्या वर हवा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर "चार्ज करून देतो" ऐकू नका, बदलून मागा. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. चार्जर लावल्यावर व्होल्ट दिसतात, क्षमता मात्र गेलेली असते.

ती उतरते कशी, त्याचा हिशेब सोपा आहे. लॉक केलेली गाडीसुद्धा घड्याळ, इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा), रिमोटचा रिसीव्हर यांसाठी थोडा करंट खातच असते. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला साडेएकवीस. हॅचबॅकची बॅटरी ३५ ची असेल तर महिन्यात निम्म्याहून जास्त खाली. यासाठीच बऱ्याच कंपन्या एक फ्यूज काढून किंवा 'ट्रान्सपोर्ट मोड' लावून गाडी पाठवतात. ट्रिप मीटर आणि घड्याळ दर वेळी शून्यावर येत असेल, दार उघडल्यावर आतला दिवा लागत नसेल, रिमोट चालत नसेल, तर पहिला संशय त्या फ्यूजवर घ्या. बिघाड नसतो तो, अर्धवट पीडीआय असतो.

मग सेल मारा. मीटरला मिन-मॅक्स बटण असेल तर ते दाबून ठेवा, साधा मीटर तेवढ्या वेळात खालचा आकडा पकडत नाही. १० च्या आसपास टिकलं तर ठीक, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा टर्मिनल बघायला लावा. टर्मिनल हातानं फिरवून बघा. फिरलं तर आवळलेलंच नाही, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं.

शिरोलीनाका
यात एक विचारतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवं असं सगळीकडं वाचलंय. पण नव्या गाड्यांत कधी १२.८ दिसतं, कधी १४.९. अल्टरनेटर गेला समजायचं काय?

मिलीव्होल्ट
लगेच नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा काळा डबा आणि त्यातून बारीक वायर निघालेली दिसली, तर तो बॅटरी सेन्सर. अशा गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अल्टरनेटर गरजेप्रमाणे चालवतो. बॅटरी भरलेली असली की वेग घेताना व्होल्टेज खाली सोडतो, ॲक्सिलरेटर सोडला की वर नेतो. हेडलाइट, ब्लोअर फुल आणि मागच्या काचेचा डिफॉगर (वाफ घालवणाऱ्या तापत्या रेघा) एकदम चालू करून बघा. आकडा १३.५ च्या वर चढला की अल्टरनेटर शाबूत आहे. लोड टाकूनही तो १२.५ च्या खाली घसरत राहिला तर तक्रार लिहा.

सेन्सर असलेल्या गाडीला चार्जर किंवा जंपर केबल लावताना निगेटिव्ह चिमटा टर्मिनलवर नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटवर लावायचा. नाहीतर आत गेलेला करंट सेन्सरला मोजता येत नाही आणि सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं इंजिन नंतर रुसून बसतं. असं इंजिन असेल तर बॅटरीच्या लेबलवर ईएफबी किंवा एजीएम (अशा इंजिनासाठीचे दणकट बॅटरीचे प्रकार) लिहिलंय का तेही बघा. यार्डात कुणी साधी बॅटरी अदलाबदल केली असेल तर इथंच कळेल.

उद्यमनगर_वायरमन
बरोबर. आता लाइट. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावा, दुसरा माणूस मागं मोबाइलवर व्हिडिओ घेत उभा करा. पार्किंग, डीपर, अपर, पास, फॉग, दोन्ही इंडिकेटर, चारही इंडिकेटर, ब्रेकचे तिन्ही दिवे, रिव्हर्स, नंबर प्लेटचा दिवा. नंबर प्लेटचा दिवा कुणीच बघत नाही, आणि तोच बंद निघतो.

खरी परीक्षा पुढं आहे. पार्किंग चालू ठेवा, ब्रेक दाबा, इंडिकेटर लावा, रिव्हर्स टाका. चारही एकदम. आता इंडिकेटरच्या तालावर पार्किंगचा दिवा मंद-तेज होत असेल, किंवा ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा अंधूक लागत असेल, तर त्या बाजूचा अर्थ लूज आहे. करंटला बॉडीत जायला वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बमधून उलटा वाट काढतो. एकेक दिवा लावून बघितला तर हे कधीच दिसत नाही.

मीटरनं खात्री करायची तर काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल तार त्या दिव्याच्या अर्थवर, आणि दिवा चालू. ०.१ व्होल्टपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्टखालचा रंग खरवडून परत आवळायला लावा. वायरचं इन्सुलेशन पिन टोचून भोसकू नका, कुणालाही भोसकू देऊ नका. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन घालून मोजता येतं.

इंडिकेटर एका बाजूला भराभर लागत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब किंवा त्याचा कपलर गेलाय.

ताराराणी_चौक
काचा आणि लॉकचं मी लिहिते, कारण शोरूमच्या गडबडीत हे हमखास राहतं.

दोन्ही चाव्या मागून घ्या आणि दोन्हींनी गाडी चालू करा. दुसरी चावी पाकिटात बंद करून देतात. तिची इमोबिलायझरशी जोडणी झाली नसेल तर पहिली हरवेपर्यंत पत्ता लागत नाही. रिमोटचं लॉक, अनलॉक, डिकी, आणि चावी खरोखर दारात घालूनही एकदा.

चारही काचा ड्रायव्हरच्या दारातून खाली-वर करा, मग प्रत्येक दाराच्या स्वतःच्या बटणातून. एकीकडून चालते आणि दुसरीकडून नाही, तर मोटर चांगली आहे, बटण किंवा कपलर बघायचा. मागच्या दोन्ही काचा कुठूनच चालत नसतील तर ओरडायच्या आधी विंडो लॉकचं बटण दाबलंय का बघा! ऑटो-अप असलेली काच अर्ध्यात थांबून परत खाली येत असेल, तर बहुतेक बॅटरी काढल्यामुळं तिची शिकलेली जागा पुसली गेलीय. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद वरच ओढून धरलं की बऱ्याच गाड्यांत ती परत बसते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

आरसे चारही दिशांना हलवा, फोल्ड करा. ब्लोअर प्रत्येक नंबरवर फिरवा. फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेलाय. एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. मागच्या काचेचा डिफॉगर लावायच्या आधी काचेवर आतून वाफ सोडा. जिथली वाफ जात नाही ती रेघ तुटलेली. स्टिकर किंवा सनफिल्म चिकटवताना ब्लेडनं रेघ कापली जाते, म्हणून हे फिल्मच्या आधी बघायचं.

स्पीकर एकेक तपासा, बॅलन्स आणि फेडर एका कोपऱ्यात नेऊन. आणि रेडिओ जोरदार स्टेशनवर तपासू नका. कोल्हापुरात टोमॅटो ९४.३ अँटेनाची वायर सुटलेली असली तरी ऐकू येईल. लांबचं, खरखरणारं एखादं स्टेशन पकडतंय का बघा.

गगनबावडा_रूट
पाण्याचा मुद्दा कुणी काढला नाही अजून. आपल्याकडं पावसाळ्यात गाडी आठवडा-आठवडा ओली उभी असते. यार्डात पाइपनं पाणी मारायला सांगा, वरून, पाच-दहा मिनिटं. मग डिकीतली स्टेपनी उचलून खाली हात फिरवा, पुढच्या दोन्ही बाजूंचं कार्पेट दाबून बघा. डिकीच्या दारात वायरी जातात तिथलं रबर नीट बसलं नसेल तर पाणी वायरीवरूनच आत उतरतं. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या आहेत का, हे कार्पेटच सांगेल. कार्पेटखालीच कपलर असतात, म्हणून हा मुद्दा इलेक्ट्रिकलच्या धाग्यात.

हेडलाइटच्या काचेत आतून बारीक धुकं धरलं आणि लाइट लावल्यावर काही वेळात गेलं तर ते चालतं, हवा खेळायला त्यात भोकं ठेवलेलीच असतात. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचलं असेल तर हेडलाइट बदलून घ्यायचा.

पावसाळ्यानंतरच्या स्टॉकवर जरा जास्त नजर ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, हे सगळ्यांना आठवत असेलच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सीटच्या रुळांवर गंज आणि सीटखालच्या कपलरवर मातीचा थर आहे का बघा. आणि उसाच्या शेतालगतचं यार्ड असेल तर उंदीर! बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या, बॉनेटच्या आतलं अस्तर कुरतडलेलं, असं दिसलं की हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडून दाखवायला लावा.

उद्यमनगर_वायरमन
सीटखालचा कपलर फक्त बघायचा. पिवळा कपलर किंवा पिवळी नळी म्हणजे एअरबॅग. इग्निशन चालू ठेवून तो हलवायचा नाही, ओढायचा नाही. सर्व्हिसवालेसुद्धा बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबतात, मगच हात लावतात. तुम्ही एवढंच करा: इंजिन चालू ठेवून पुढच्या दोन्ही सीटा पूर्ण मागं-पुढं सरकवा आणि एअरबॅगचा दिवा परत लागतो का बघा. लागला तर तिथलाच जोड लूज.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांचंही उलटंच आहे. इग्निशन चालू केल्यावर दिवा न लागणं हाही दोषच. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग, ऑइल, बॅटरी हे सगळे आधी लागले पाहिजेत. एबीएस आणि एअरबॅगचे काही सेकंदांत आपोआप विझतात, बाकीचे इंजिन चालू झाल्यावर.

शिरोलीनाका
ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावू देतात काय? हजारभर रुपयांचा ब्लूटूथवाला असतो तो.

मिलीव्होल्ट
विचारून लावा. बहुतेकदा हरकत घेत नाहीत. पण कोड दिसला म्हणून घाबरू नका. पी०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, किंवा यू०१०० सारखे संपर्क तुटल्याचे कोड वाहतुकीत बॅटरी उतरल्यानं साठून राहतात. ते पुसायचे, गाडी चालू-बंद करायची आणि परत वाचायचे. परत आले तर खरे. आणि सगळे रेडीनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या केलेल्या तपासण्या) 'अपूर्ण' दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढलीय. मग विचारा, का पुसले?

तसंच, गाडी लॉक असताना करंट किती जातोय हे घरी आणल्यावर मोजता येतं, बॅटरीची वायर न काढता. बॉनेट उघडं ठेवून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं खाली पाडा म्हणजे गाडीला ते बंद वाटेल, रिमोटनं लॉक करा, चावी लांब न्या, अर्धा तास थांबा. मग मीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना लावा. शून्य आलं तर तिथून काही जात नाही. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर ०.१ मिलीव्होल्ट म्हणजे साधारण १३ मिलिअँपिअर. सगळ्यांची बेरीज ५० च्या आत हवी. दर फ्यूजचा रोध वेगळा असतो, म्हणून १० चा हिशेब ३० च्या फ्यूजला लावू नका.

राजारामपुरी_११
भारी माहिती चाललीय राव. वाचनखूण साठवली. दोष नसताना दोष वाटणाऱ्या गोष्टीही टाका की कुणीतरी.

उद्यमनगर_वायरमन
टाकतो थोड्या. रिव्हर्सचा किंवा मागच्या फॉगचा दिवा एकाच बाजूला असणं, हे बऱ्याच गाड्यांत मुळातच तसं. इंडिकेटर लावला की त्या बाजूचा दिवसाचा दिवा मंद होणं किंवा विझणं. मागचा फॉग हेडलाइट चालू असल्याशिवाय न लागणं. डिफॉगर काही मिनिटांनी आपोआप बंद होणं. इग्निशन दिल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूं आवाज येतो तो पेट्रोल पंपाचा. इंजिन बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरणं. आणि ८० च्या वर मिनिटाला एकदा, १२० च्या वर सतत वाजणारी शिट्टी हा नियम आहे, जुलै २०१९ पासूनच्या सगळ्या कारना. तिला बंद करा म्हणून सर्व्हिस सेंटरला जाणारे आहेत! पासिंग झाल्यावर हायवेला ती वाजते का एवढं मात्र बघा.

हॉर्नबद्दल राहिलं. दोन हॉर्नच्या गाडीत आवाज पातळ येत असेल तर एकाचा कपलर सुटलाय. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं फिरवून हॉर्न वाजवा. एका टोकाला बंद पडत असेल तर स्टिअरिंगमधली गुंडाळलेली पट्टी-वायर बघायची, तिच्यातूनच एअरबॅगची लाइनही जाते.

ताराराणी_चौक
स्कूटर राहिली की.

गगनबावडा_रूट
स्कूटरचं लवकर होतं. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा, दोन्ही वेळा मागचा दिवा लागला पाहिजे. नुसत्या एकानं लागत असेल तर दुसऱ्याचा स्विच बसलेला नाही. हँडल दोन्ही टोकांना वळवून इंजिन, हेडलाइट, हॉर्न चालू राहतात का बघा, हँडलच्या मुळाशी हार्नेस ताणला गेला तर वळवल्यावरच बंद पडतं. साइड स्टँडचा सेन्सर असेल तर स्टँड लावल्यावर इंजिन बंद व्हायला हवं. हेडलाइट बंद करायचं बटण नाही म्हणून विचारू नका, एप्रिल २०१७ पासून तो कायम चालूच. बॅटरी लहान, चार-पाच अँपिअर-तासांची, त्यामुळं यार्डात आधी तीच उतरते. १२.४ च्या खाली घेऊ नका.

राजारामपुरी_११
ॲक्सेसरी शोरूममधूनच घ्यावी ना? वॉरंटी राहते म्हणतात.

मिलीव्होल्ट
शोरूमच्या बिलावर घेतली तर निदान जबाबदार कोण ते ठरतं, म्हणून मी तिथंच घ्या म्हणेन.

उद्यमनगर_वायरमन
बिलापुरतं मान्य, कामापुरतं नाही. शोरूमची ॲक्सेसरीसुद्धा बऱ्याचदा बाहेरचा पोरगाच बसवतो, आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशी त्याच्यासमोर डझनभर गाड्या असतात. वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळणं सुरू होतं. म्हणून क्रम पाळा: आधी तपासणी, मग पासिंग, मग ॲक्सेसरी, आणि त्यानंतर लाइट-हॉर्न-काचा परत एकदा. नाहीतर दोष कंपनीचा की ॲक्सेसरीचा, हा वाद कधी मिटत नाही. जे बसवायचं ते कंपनीच्या कपलरला जुळणाऱ्या जोडावरच. कापाकापी नको. हेडलाइटच्या एच४ बल्बच्या ५५ वॅटच्या जागी १०० वॅट नको: ५५ ला साडेचार अँपिअर जातात, १०० ला आठाच्या वर, आणि मूळ वायर व होल्डर तेवढ्यासाठी नसतात. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर सीट कव्हर त्याला चालणारंच घ्या.

मिलीव्होल्ट
क्रम पटला. डॅशकॅम लावणार असाल तर फ्यूज टॅपनं (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणाऱ्या जोडानं) लावा, फक्त त्याची बाजू बघून. फ्यूज काढल्यावर ज्या खाचेत टेस्ट लॅम्प लागतो ती पुरवठ्याची बाजू. टॅप उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधून जातो. एअरबॅग, एबीएस, ईसीयूच्या फ्यूजला हात नको. सिगारेट लायटरचा किंवा वायपरचा घ्या.

रंकाळवेसकर
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक: काही सापडलं तर शोरूमला काय लिहून द्यायचं? "पहिल्या सर्व्हिसिंगला बघू" म्हणणार, हे नक्की.

ताराराणी_चौक
"इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम" असं लिहू नका. लक्षण आणि ते कधी होतं, दोन्ही लिहा: "पार्किंग चालू असताना ब्रेक दाबल्यावर डावा इंडिकेटर अंधूक लागतो." सोबत तारीख, चॅसी नंबर, किलोमीटर आणि मल्टीमीटरच्या आकड्याचा फोटो. डिलिव्हरीच्या कागदावर सही करण्याआधी हे त्यावर यायला हवं, आणि त्याचं जॉबकार्डही (कामाच्या नोंदीचा कागद) वेगळं मागा. लूज जोडाचा दोष दर वेळी दिसत नाही, सर्व्हिसिंगच्या दिवशी तो नेमका नीट वागतो आणि कागदावर "दोष आढळला नाही" येतं. म्हणून व्हिडिओ हवाच. फॉर्म २१ वर गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं, तेही बॅटरीवरच्या तारखेशी ताडून बघा. बॅटरी गाडीपेक्षा बरीच नवी असेल तर एक उतरून बदललीय असं समजा. त्याला हरकत नाही, पण वॉरंटी कार्डवर नव्या बॅटरीचा नंबर आला पाहिजे.

गगनबावडा_रूट
आणि तपासणी दसऱ्याच्या दोन-तीन दिवस आधी उरका. त्या दिवशी शोरूममध्ये उभं राहायला जागा नसते, मीटर कुठं लावणार? पूजेला झेंडूचा हार घालताना पुढच्या बंपरवरच्या गोल सेन्सरवर येऊ देऊ नका, गाडी उभ्या-उभ्या केकाटत राहते. आणि पुढं रडार (पुढच्या गाडीचं अंतर ओळखणारा सेन्सर) असलेली गाडी असेल तर ते काही मॉडेलांत कंपनीच्या चिन्हामागं, काहींत खालच्या जाळीत असतं. तिथं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक नको, बॉनेटवर काढा.

रंकाळवेसकर
आमच्या गाडीला रडार नाही, फक्त मागं सेन्सर आणि कॅमेरा. हार पुढंच राहील मग.